मदत हवी आहे: सरकारी पोर्टल आठ महिने चालू, बिल मात्र अडकलंय. सिक्युरिटी ऑडिट कुणी पूर्ण करायचं?

कृष्णाकाठ
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. परवा सकाळी पुण्यात भेट ठरली आहे, त्याआधी काय बोलायचं ते ठरवायचंय.

सांगलीत आमची सहा जणांची सॉफ्टवेअर फर्म आहे. एका राज्यस्तरीय कार्यालयासाठी पोर्टल करून दिलं. आठ महिने ते चालू आहे, लोक अर्ज भरतायत, दाखले निघतायत. शेवटचे दोन टप्पे मिळून ४० टक्के रक्कम अडकली आहे. कारण काय, तर सिक्युरिटी ऑडिटचं प्रमाणपत्र नाही. ऑडिटर म्हणतो, त्रुटी दूर करा. त्यातल्या निम्म्या त्रुटी सर्व्हरच्या आहेत आणि सर्व्हरला हात लावायची आम्हाला परवानगीच नाही. आधीच्या साहेबांची बदली झाली. नवीन मॅडम म्हणतात, हे सगळं मी यायच्या आधीचं, मी कशाच्या आधारावर सही करू?

दोन महिने मुलांचे पगार मी घरातून दिलेत. प्रश्न सरळ आहे: सरकारी कार्यालयांच्या आयटी प्रकल्पांवर राज्यात देखरेख कोण करतं? वर कुणीतरी असेलच ना? त्याच्याकडे तक्रार कशी करायची?

टाचण
ताई, नाव सांगू नका, पण एवढं सांगा: कार्यादेश कुणाच्या सहीचा आहे? शासनाचा विभाग, संचालनालय, महामंडळ की जिल्हा परिषद? खरेदी जेममधून (केंद्राचं खरेदी पोर्टल) झाली की महाटेंडर्सवर (राज्याचं निविदा पोर्टल) निविदा निघाली होती? यूएटी, म्हणजे वापरणाऱ्याने घ्यायची स्वीकृती चाचणी, झाल्याचं सहीचं पत्र आहे का? हे कळल्याशिवाय तक्रार कुणाकडे करायची ते सांगणं अवघड आहे.

जागल्या
थेट माहितीचा अधिकार टाका. कलम ६(१) खाली अर्ज, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर कलम १९(१) खाली पहिलं अपील. फाईलवरच्या टिपण्या मागा. बिल कुणाच्या टेबलावर अडकलंय ते टिपणीत दिसतंच. मी आमच्या गावच्या पाणी योजनेचं असंच बाहेर काढलं.

कृष्णाकाठ
@टाचण, निविदा महाटेंडर्सवर होती. यूएटीचं पत्र नाही, पण साहेबांचा मेल आहे, "चाचणी समाधानकारक, सुरू करा" असा. कार्यादेश एका शासकीय कंपनीचा आहे. कार्यालय फक्त वापरणारं.

@जागल्या, ३० दिवस थांबायला वेळ कुठे आहे? आणि परवा ज्यांच्यासमोर बसायचंय त्यांच्यावरच आज अर्ज टाकू?

निवृत्त_कोषागार
तुमच्या दुसऱ्या प्रतिसादात खरी गोष्ट आली. कार्यादेश कार्यालयाचा नाही, शासकीय कंपनीचा आहे. हे पहिल्याच परिच्छेदात हवं होतं.

मी ३१ वर्षं कोषागारात काढली. तक्रारीच्या आधी एकच गोष्ट शोधा: पैसे आत्ता कुठे आहेत? दोन शक्यता आहेत. एक, कार्यालयाने अनुदान कोषागारातून काढून कंपनीकडे आधीच वर्ग केलं. मग पैसे कंपनीच्या खात्यात आहेत आणि नव्या मॅडमच्या सहीचा संबंध फक्त काम झाल्याच्या दाखल्यापुरता. दोन, रक्कम अजून बीम्सवर (राज्याची निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली) कार्यालयाच्या लेखाशीर्षाखाली आहे. मग ३१ मार्च ओलांडला की ती व्यपगत होते, म्हणजे वापरता येत नाही, आणि पुढच्या वर्षी नव्याने तरतूद मागावी लागते. अशी फाईल मागे पडते, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. मॅडमना भेटायच्या आधी त्यांच्या लेखा शाखेत जा. तिथला लेखाधिकारी पाच मिनिटांत सांगेल.

शिस्तप्रिय
जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ वाचा. पुरवठादाराला पैसे देण्याबाबत त्यात स्पष्ट नियम आहेत. भेटीला प्रत घेऊन जा.

निवृत्त_कोषागार
ते नियम केंद्र सरकारचे आहेत हो. राज्याच्या कार्यालयात त्यांची प्रत ठेवलीत तर समोरचा माणूस पहिल्या मिनिटाला तुम्हाला बाजूला काढेल. इथे मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका लागते.

शिस्तप्रिय
तत्त्व तर तेच आहे ना? काम घेतलं तर पैसे द्या.

निवृत्त_कोषागार
तत्त्वावर बिल पारित होत नाही. नियम, मंजुरी आणि दाखला लागतो.

मोकळी_वाट
ताई, पोर्टल मराठीत आहे ना? युनिकोडमध्ये? राजभाषा अधिनियम १९६४ असूनही अनेक सरकारी अर्जांची चौकट मराठी आणि आतले सगळे पर्याय इंग्रजी. माझ्या आईला साधा दाखल्याचा अर्ज भरता आला नाही. तुम्ही बनवणारी माणसं आहात, तुमच्याच हातात आहे.

कृष्णाकाठ
मराठीत आहे. युनिकोड आहे. नावातल्या जोडाक्षरांचा शोधसुद्धा नीट चालतो, त्यावर तीन आठवडे घालवलेत. पण आत्ता प्रश्न बिलाचा आहे.

फायरवॉल
ऑडिटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) यादीतल्या एका संस्थेत हेच काम केलंय.

ऑडिट एका फेरीत होत नाही. पहिल्या फेरीत त्रुटींची यादी येते, त्या दुरुस्त केल्यावर फेरतपासणी होते आणि मग प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र कोडच्या त्या ठरावीक आवृत्तीचं असतं. नंतर कोडमध्ये मोठा बदल केलात की ते लागू राहत नाही. म्हणून विचारतो: पहिल्या फेरीनंतर तुम्ही किती बदल केलेत? आणि ते कुणाच्या सांगण्यावरून?

दुसरं, त्रुटींची यादी दोन कागदांवर वेगळी करा. इनपुट तपासणी, लॉगिन, फाईल अपलोड, कुणाला काय दिसतं हे तुमचं. उघडे पोर्ट, जुनी टीएलएस (सुरक्षित जोडणीची) आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच हे सर्व्हर सांभाळणाऱ्याचं. तुमच्या भागाचा पूर्तता अहवाल ऑडिटरकडून वेगळा मागा. बहुतेक जण देतात. त्यानंतर प्रमाणपत्र कुणामुळे थांबलंय ते कागदावर दिसतं.

कृष्णाकाठ
नऊ बदल केले. साहेबांनी व्हॉट्सॲपवर सांगितले. एक तर रविवारी रात्री, दुसऱ्या दिवशी मंत्र्यांसमोर सादरीकरण होतं म्हणून.

टाचण
नऊपैकी एकाचाही लेखी बदल-आदेश नाही?

कृष्णाकाठ
नाही. तेव्हा वाटलं, माणूस चांगला आहे, काम पुढे जाऊ दे. माणूस चांगलाच होता. पण आता तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

सॅक्रामेंटोकर
मी कॅलिफोर्नियात राज्य सरकारच्या प्रकल्पांवर कंत्राटी काम करतो. देखरेख कोण करतं, हा तुमचा मूळ प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

इथे २००१ मध्ये राज्याने ओरॅकलशी सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा करार केला. एप्रिल २००२ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की यातून बचत होणार नाहीच, उलट जादा खर्च होऊ शकतो. करार रद्द झाला आणि देखरेख करणारं आयटी खातंच त्या वर्षी मोडीत निघालं. पुढे पगाराची नवी प्रणाली करायला घेतली, ती २०१३ मध्ये थांबवली. तोवर २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला होता. त्यानंतर तंत्रज्ञान विभागाने चार टप्प्यांत मंजुरी द्यायची पद्धत आणली, आणि काम सुरू झाल्यावर मोठ्या प्रकल्पांवर त्याचा स्वतंत्र निरीक्षक बसतो. त्याचे अहवाल सार्वजनिक असतात, कुणीही वाचू शकतं. त्यात सर्वसाधारण शेरा, वेळापत्रक, खर्च, धोके सगळं येतं. निरीक्षकाने "स्वीकृतीचे निकष ठरलेले नाहीत" असं लिहिलं की ते वरपर्यंत पोचतं. तुमच्यासारखी अडचण इथेही येते, पण आठ महिने ती कुणालाच दिसली नाही असं होत नाही.

जागल्या
तिकडचं सांगून इथे काय उपयोग? त्यांना परवा पुण्याला जायचंय.

सॅक्रामेंटोकर
उपयोग आहे. असे अहवाल आपल्याकडे का मागू नयेत?

लेखाशीर्ष_२२
मधे बोलतो, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो.

आपल्याकडे देखरेख दोन टोकांना आहे. सुरुवातीला: मोठ्या ई-प्रशासन प्रकल्पांना मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीची मान्यता आणि माहिती तंत्रज्ञान संचालनालयाचा तांत्रिक अभिप्राय. शेवटी: महालेखापालांचं लेखापरीक्षण, अहवाल विधिमंडळात, मग लोकलेखा समिती, आणि शासकीय कंपनी असेल तर सार्वजनिक उपक्रम समिती. यातलं कुणीही पुरवठादाराचं बिल काढून देत नाही. महालेखापाल पाहतात की शासनाचा पैसा योग्य गेला का. तुमचे थकले का, हा त्यांचा प्रश्न नाही.

मधल्या काळात, म्हणजे काम चालू असताना, पाहणारी गोष्ट एकच असते: प्रकल्पाची संनियंत्रण समिती. सचिव किंवा आयुक्त अध्यक्ष असतात. ती नियमित बसते की नाही हे त्या त्या अधिकाऱ्यावर. सरकारी नोकरभरतीच्या महापरीक्षा पोर्टलच्या वेळी पाहिलं आपण, २०१७ ला सुरू झालं, उमेदवार रस्त्यावर उतरले आणि २०२० ला बंद झालं. मधली तीन वर्षं देखरेखीचा आवाज बाहेर ऐकूच आला नाही. त्यामुळे @सॅक्रामेंटोकर यांचा मुद्दा मला पटतो.

ताई, तुमच्या कामाचं सांगतो. तुमच्या प्रकल्पाची अशी समिती होती का? तिचं इतिवृत्त मिळवा. पोर्टल सुरू झाल्यानंतरच्या बैठकीत "प्रणाली कार्यान्वित झाली आहे" असं एक वाक्य जरी असलं, तरी नव्या मॅडमना सही करायला आधार मिळतो. त्या चुकीचं बोलत नाहीत. त्यांच्यासमोर कागद नाही, एवढंच.

करसल्ला
आयकर कायद्याचा धाक दाखवा. सूक्ष्म-लघु उद्योगाला वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून सगळे घाबरून पैसे देतायत.

बार_रूम
शासकीय कार्यालय आयकर विवरणपत्रात वजावट मागतच नाही, त्याला कसला धाक? कंपनीला थोडा लागू पडेल, पण तो आयकर विभागाचा विषय, त्यातून तुमची वसुली होत नाही.

वकील म्हणून विचारते: उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का, आणि तिची तारीख कराराच्या आधीची आहे का?

कृष्णाकाठ
आहे. २०२१ ची. करार त्यानंतरचा.

बार_रूम
मग तुमच्या हातात सगळ्यात भक्कम कायदा आहे, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी अधिनियम २००६. कलम १५ खाली ४५ दिवसांच्या पुढे देयक थकवता येत नाही. थकलं तर कलम १६ खाली बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. कलम १८ खाली सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे दाद मागायची, अर्ज ऑनलाइन. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. निकालाविरुद्ध समोरच्याला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं कलम २(ब) चं स्पष्टीकरण आहे. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा स्वीकारली असं मानलं जातं. पोर्टल सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत लेखी हरकत आली होती का?

कृष्णाकाठ
नाही. पहिलं हरकतीचं पत्र पाच महिन्यांनी आलं. बिल पाठवल्यावर.

निवृत्त_कोषागार
बाई, कायदा बरोबर आहे, पण परवाच परिषदेचं नाव काढू नका. वाद सुरू झाला की फाईल विधी शाखेत जाते आणि वर्षभर परत येत नाही. आधी इतिवृत्त, लेखाधिकारी, दाखला.

बार_रूम
काका, गोड बोलून आठ महिने गेलेच आहेत. नोटीस देऊनही भेटायला जाता येतं. कराराची मुदत आणि तारखा कागदावर आल्याच पाहिजेत. आणि करारात ऑडिटची जबाबदारी कुणाची लिहिली आहे, हे अजून कुणी विचारलंच नाही. ताई, ते कलम वाचून इथे टाका.

कृष्णाकाठ
करार आता उघडला. शब्दशः लिहिते: "सुरक्षा लेखापरीक्षण सर्ट-इन सूचीतील संस्थेकडून करून घेण्याची व्यवस्था वापरकर्ता विभाग करेल, त्यातील प्रणालीविषयक त्रुटींची पूर्तता पुरवठादार करेल." म्हणजे ऑडिटरची फी आम्ही भरली तीसुद्धा आमची नव्हती. मी हे कलम सहीच्या दिवशी वाचलं होतं, मग डोक्यातून गेलं.

फायरवॉल
"प्रणालीविषयक" हा शब्द अधोरेखित करा. सर्व्हरच्या त्रुटी त्यात येत नाहीत. दोन याद्या करा असं मी म्हणालो ते यासाठीच.

कृष्णाकाठ (तीन दिवसांनी)
भेट झाली. आधी लेखा शाखेत गेले. काकांचं बरोबर निघालं, अनुदान मागच्या मार्चमध्येच कंपनीकडे वर्ग झालंय. मॅडम शांतपणे बोलल्या. संनियंत्रण समितीचं इतिवृत्त त्यांच्याच कपाटात होतं, "प्रणाली सुरू असून अर्ज स्वीकारले जात आहेत" असं त्यात आहे. त्यांनी झेरॉक्स दिली. त्रुटींच्या दोन याद्या जोडून पत्र दिलं, आवक क्रमांकाची पोच घेतली. दाखल्याचा मसुदा तुम्ही आणा, मी पाहते, म्हणाल्या. नऊ बदलांचे पैसे मात्र मिळणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दाखल्याच्या मसुद्यात काय काय असावं? कुणाकडे नमुना आहे का? @लेखाशीर्ष_२२, @निवृत्त_कोषागार, सोमवारपर्यंत द्यायचाय.

निवृत्त_कोषागार
कार्यादेश क्रमांक व दिनांक, कामाची व्याप्ती, सुरू झाल्याची तारीख, इतिवृत्ताचा संदर्भ, "प्रणालीविषयक त्रुटींची पूर्तता झाली आहे" हे वाक्य आणि देय टप्पे. एक पान. रक्कम अक्षरी लिहा. मसुदा करून इथे टाका, आज रात्री बघतो.