मदत हवी आहे: मानेतल्या मज्जारज्जूवर दाब, लक्ष कशावर ठेवायचं?
बाबा ६४ वर्षांचे. वर्षभर शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, अंधारात तोल जातो, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. मान दुखत नाही, म्हणून आम्हीही उशिरा जागे झालो. आधी कार्पल टनेल (मनगटात नस दबणं) समजून मनगटाला पट्टा बांधला, उपयोग शून्य. एमआरआयमध्ये सी५-सी६ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये) मज्जारज्जूवर दाब दिसला. बी१२, साखर नॉर्मल. लघवीवर ताबा आहे. मालिश बंद केलंय. सर्जन म्हणतात, सध्या सौम्य आहे, वाढलं तर ऑपरेशन. १० सेकंदांत मुठीची उघडझाप २० वेळा तरी व्हावी म्हणतात. बाबांची १४ होते. घरात कुणाला सर्व्हायकल मायलोपथी (मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येऊन होणारा हाच आजार) असेल तर सांगा, आजार वाढतोय हे हातापायांच्या नेमक्या कोणत्या बदलांवरून आधी लक्षात आलं?