स्विस चार्ड खुडायचा कसा, अन् दांड्यांचं काय करता?

गच्चीवाली_मानेवाडा:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी ग्रो बॅगमध्ये स्विस चार्डचं (पालकासारखी पालेभाजी) बी टाकलं होतं, लाल-पिवळ्या दांड्यांचं मिक्स पाकीट. बारा झाडं मस्त झाली, पानं पंजाएवढी. परवा सासूबाईंनी पालक समजून दोन झाडं मुळासकट उपटली अन् डाळभाजीत चिरून टाकली, तर डाळ गुलाबी झाली आणि दांड्या कचकच लागून राहिल्या. पोरगा विचारतो बीट टाकलं का म्हणून 😅 उरलेली दहा वाचवायची आहेत, खुडायचं कुठून?

संत्रानगरी_माळी:
पोरगा बरोबर बोलला, बीट आणि चार्ड एकाच जातीचे, एक कंदासाठी वाढवला अन् दुसरा पानांसाठी. आपल्याकडे बाजारात मिळतो तो पालकही बहुतेक याच खानदानातला, त्यामुळे सासूबाईंना रागावू नका. उपटायचं मात्र नाही. बाहेरची पानं वीतभर झाली की दांडी बुडापाशी धरून बाजूला ओढायची नाहीतर कात्रीने कापायची, मधला कोवळा कोंब सोडायचा. एका झाडाची एका वेळी दोन-तीनच पानं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा खुडा. पाण्याला खंड पडू देऊ नका. पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती नागअळी, तेवढं पान तोडून फेका.

धरमपेठची_काकू:
अगं दांड्या वेगळ्या चिरायच्या! त्यांना पानांपेक्षा जास्त वेळ लागतो. मी बोटभर तुकडे करते, तेलात लसूण अन् लाल मिरची तडतडली की आधी दांड्या टाकते, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं, मग वरून बेसन भुरभुरते, झुणक्यासारखं. पानं डाळभाजीत शेवटी, डाळ शिजल्यावर. गुलाबी नको असेल तर पांढऱ्या-पिवळ्या दांड्यांची झाडं डाळीला ठेव. वरून सांबार (कोथिंबीर) अन् लिंबू. लिंबू विसरू नको, त्याशिवाय मातकट वास येतो.

रात्रपाळी_भाऊ:
एक सांगतो, यात ऑक्झलेट भरपूर असतं. घरी कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर रोज खाऊ घालू नका, डॉक्टरला विचारा. पानं उकळून पाणी फेकलं तर थोडं कमी होतं.

गच्चीवाली_मानेवाडा:
बापरे, सासऱ्यांना आहे. म्हणजे त्यांचं ताट वेगळं. आज सकाळी प्रत्येक झाडाची दोन-दोन पानं काढली, जुडीभर निघाली. अर्धी ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. काकू, दांड्यांचा झुणका झाला, सासूबाई म्हणतात पुढच्या वेळी तिखट वाढव. उन्हाळ्यात टिकतात का पण ही?

संत्रानगरी_माळी:
नागपूरचा एप्रिल-मे काही साधा नाही जी. मार्चमध्येच हिरवी नेट लावा, दुपारचं ऊन अडलं पाहिजे. तरी पानं कडू अन् जाड व्हायला लागतील, मधून उंच दांडा निघाला की समजायचं झाड बियावर चाललं. मग मात्र सासूबाईंना उपटू द्या.