पुतण्याच्या नाकामागे अँजिओफायब्रोमाची गाठ: ऑपरेशन कुठे करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुतण्या १४ वर्षांचा, नववीत. भाऊ अमळनेर तालुक्यात कपाशी करतो, मी नोकरीमुळे धुळ्यात. मार्चपासून पोराचा घोळणा फुटत होता. आमच्या खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो, गल्लीत एखाद्या पोराचं नाक फुटतंच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. आई म्हणाली, "पोऱ्याले ऊन लागनं." कांदा हुंगवला, दुर्वांचा रस घातला, सब्जा पाजला. पाऊस पडून हवा गार झाली तरी रक्त येतच राहिलं. ते नेहमी डाव्याच नाकपुडीतून यायचं आणि तीच नाकपुडी कायम चोंदलेली असायची. रात्री तोंड उघडं ठेवून घोरायचा. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एका डॉक्टरांना आत मांसासारखं काही दिसलं. पॉलिप, म्हणजे नाकातला साधा कोंब, समजून त्यांनी तुकडा काढायला घेतला आणि रक्ताची धारच लागली. नाकात पट्टी ठासून रातोरात धुळ्याला आणलं. हिमोग्लोबिन ७.८, दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तुकडा काढायला साफ नकार दिला. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला, मग एमआरआय. गालाच्या सायनसची मागची भिंत गाठीने पुढे रेटून कमानीसारखी वाकलीय. ते पाहून म्हणाले, ज्युवेनाईल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा. कॅन्सर नाही. पण गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि त्यांच्या भिंतीत आकसायला पुरेसा स्नायूच नसतो, म्हणून रक्त थांबत नाही. होते ती जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांना. आता डोळ्याच्या खोबणीकडे सरकू लागलीय, मेंदूपर्यंत पोचलेली नाही.

ऑपरेशन दुर्बिणीने नाकातूनच होईल. त्याच्या एक ते तीन दिवस आधी मांडीतून बारीक नळी घालून गाठीची मुख्य धमनी बंद करायची, म्हणजे एम्बोलायझेशन. दोन्ही एकाच ठिकाणी व्हावं, असं त्यांचं म्हणणं.

तर नाशिक, संभाजीनगर बघावं की सरळ परळला केईएम किंवा टाटा गाठावं? रेशनकार्ड केशरी आहे. महात्मा फुले योजनेत एम्बोलायझेशनचा खर्च धरतात का? जो तो वेगळं सांगतो. रात्रभराच्या रेल्वेप्रवासात रक्त सुरू झालं तर काय करायचं? आणि वहिनी एकच विचारते: डोळा तर जाणार नाही ना? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद:
दादा, माझ्या धाकट्या भावाला हेच होतं. डोळ्याची भीती आम्हालाही होती. धमनी बंद करण्याआधी अँजिओग्राफी करून गाठीला रक्त कुठून येतं ते बघतात. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतूनही येत असेल तर ती फांदी सहसा बंद करत नाहीत, कारण डोळ्यालाही रक्त त्याच धमनीतून जातं. धोका शून्य नसतो, म्हणून अशा गाठींचा हात बसलेली टीम शोधा आणि "आजवर किती केल्या?" हे न लाजता विचारा. नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडी न्या. योजनेची मंजुरी आधी लागते, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रक्तगट जुळणारे दोन-तीन नातेवाईक सोबत ठेवा.

रक्त आलं तर डोकं मागे टाकू नका. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग १०-१५ मिनिटं घट्ट दाबा, तोंडात आलेलं थुंकू द्या. नाही थांबलं तर पुढच्या स्टेशनला उतरून दवाखाना गाठा. ॲस्पिरिन, ब्रुफेन अजिबात नको. गाठ पुन्हा वाढू शकते, ऑपरेशननंतरचे एमआरआय चुकवू नका.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. आम्ही आजवर त्याचं डोकं मागेच टाकत होतो. आत्ताच वहिनीला फोन करून सांगितलं. सोमवारी रात्री मुंबईला निघतोय. परळला राहण्याची स्वस्त सोय कोणाला माहीत असेल तर सांगा, चार जण आहोत.