बोलेरोला रात्रीच्या कच्च्या वाटेसाठी जादा दिवे: टपावर बार की बंपरवर दोन?

बालाघाटी
गाडी बोलेरो, हेडलाइटला कंपनीचेच एच४ हॅलोजन. धारूर-अंबाजोगाई पट्ट्यात रात्री शिवरस्त्यानं आणि डोंगरातल्या वाटेनं जाणं असतं, वेग २०-३०च्या वर नाही. ओढ्याची उतरण आणि कडेचा चर दिसेपर्यंत चाक तिथं पोचलेलं असतं. दुकानात '३०० वॅट'चा टपावरचा एलईडी बार दाखवतायत, भाव अगदी कमी. तो घ्यावा का? बॅटरीला झेपेल का?

किनवट_फोरबायफोर
टपावर नको. वरचा उजेड आधी बॉनेटवर आणि काचेवर सांडतो, डोळे दिपतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. शिवाय उजेड नजरेच्याच रेषेतून गेला की खड्ड्याची सावली आपल्याला दिसतच नाही. बंपरवरून आडवा उजेड पडला तर बारकी नाळसुद्धा काळी उठून दिसते. धुळीतही तेच, दिवा डोळ्यांपासून जितका खाली तितकी चमक कमी परत येते.

तुमच्या वेगाला १० अंशांचा स्पॉट, म्हणजे अरुंद लांब झोताचा दिवा, फुकट जाईल. ६० अंशांच्या आसपासचे दोन फ्लड, म्हणजे रुंद उजेड पसरणारे दिवे, घ्या आणि प्रत्येक दिवा १०-१५ अंश बाहेरच्या अंगाला वळवा, म्हणजे चर आणि बांध दोन्ही उजेडात येतात. जाळीच्या अगदी समोर लावू नका, उन्हाळ्यात रेडिएटरची हवा अडते.

आता ते ३०० वॅट. १२ व्होल्टला त्याचे २५ अँपिअर होतात. दुकानातच डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजतात तो) लावायला सांगा. ४-५ अँपिअर दाखवले तर तो बार ५०-६० वॅटचाच, डब्यावर काहीही छापलेलं असो. तुम्हाला खरे २५ वॅटचे दोन दिवे पुष्कळ झाले. घेताना मागचं ॲल्युमिनियमचं अंग जड आणि उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांचं आहे ना ते बघा. हलक्या दिव्यात उष्णता अडकते आणि गाडी हळू चालताना, वारा नसतो तेव्हा, उजेड उतरत जातो. आयपी६७ असेल तर धूळ आत जात नाही आणि ओढ्याच्या पाण्यालाही टिकतो.

वायरमन_परभणी
दोन दिव्यांचे मिळून ४ अँपिअरच्या आसपास होतात, इंजिन चालू असताना अल्टरनेटरला काहीच नाही. बिघडतं ते जोडणीत.

चार पिनची रिले घ्या, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७वरून दिव्यांना. ८६ला स्विच, ८५ला अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. दिव्याजवळ बसवला तर मधली वायर घासून बॉडीला लागली की फ्यूज उडतच नाही, वायर जळते. वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट घाला. रिले पिना खाली करून लावा, म्हणजे पाणी साठत नाही.

अर्थ घेताना चेसिसचा रंग घासून पत्रा चकचकीत करा, बोल्ट आवळून वर ग्रीस. दिवा मिणमिणतो त्या दहातल्या बहुतेक गाड्यांत कच्चा अर्थच निघतो. टेपच्या गाठी नकोत, चिमटून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला.

बालाघाटी
स्विचला करंट हायबीमवरून घेऊ का? आणि पिवळे की पांढरे?

वायरमन_परभणी
हायबीमवरून लांबचे दिवे घेतात. फ्लड तुम्हाला लोबीमसोबतही लागणार, तेव्हा किल्लीनं चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्या. दिवे चुकून चालू राहून बॅटरी बसणार नाही.

काळीमाती
पिवळा उजेड धूळ भेदतो असं सांगतात, त्यात तथ्य नाही. धुळीचे कण प्रकाशलहरीच्या मानानं मोठे, ते सगळे रंग सारखेच परतवतात. निळसर ६५०० केल्विन डोळ्याला जास्त खुपतो आणि ३००० केल्विनचा पिवळा सुसह्य वाटतो, एवढंच. आपल्या काळ्या रानात, त्यात ओलं असेल तर, जमीनच उजेड गिळते. त्यामुळे ४५००-५००० केल्विनचे पांढरे घ्या आणि पिवळी कव्हरं जवळ ठेवा. पुढच्या गाडीची धूळ असेल तेव्हा फ्लड बंदच करा, पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही.

झोत लावताना नेहमीचं ओझं मागं टाकून सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा. उजेडाचा दाट भाग दिव्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडला पाहिजे. ओझ्याविना लावलात तर पोती भरल्यावर सगळा उजेड झाडावर जातो.

डांबरी रस्त्यावर आलात की स्विच बंद आणि दिव्यांवर कव्हर. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १११ क्रमांकाचा नियम पुढं स्पॉटलाइट लावायला मनाई करतो, तेव्हा बसवण्याआधी आरटीओत विचारा. उसाच्या हंगामात समोरून बिनदिव्याच्या बैलगाड्या येतात, त्या दिसल्या की कच्च्या वाटेवरसुद्धा फ्लड लगेच घालवा. बैल दिपले की कुठल्या बाजूला ओढतील सांगता येत नाही.

आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले न सुटणारे, वापरा. साध्या नटांचे दिवे खडकाळ वाटेवर चार-सहा फेऱ्यांत मान टाकतात.