परदेशी कंपन्यांशी त्रिपक्षीय करार: समोरची कंपनी खरी कशी ओळखायची?

उद्यमबाग_फाउंड्री
नमस्कार. कास्टिंग घेणारी जर्मनीची एक जीएमबीएच (आपली प्रायव्हेट लिमिटेड म्हणा), मध्ये एजंट म्हणून इंग्लंडची लिमिटेड आणि आम्ही, असा करार आहे. दोघांच्या सह्यांची पीडीएफ ईमेलने आलीये. आमचा शिक्का मारण्याआधी बेळगावात बसून काय काय तपासता येईल?

सीएस_खानापूर
शिक्का थांबवा. आधी त्यांचं लेटरहेड बघा. जर्मन कायद्याने जीएमबीएचला पत्रावर रजिस्टर कोर्टाचं नाव, एचआरबी नंबर (कंपनीचा नोंदणी क्रमांक) आणि सगळ्या गेशेफ्ट्सफ्युररची (आपले डायरेक्टर म्हणा) नावं छापावीच लागतात. हे सगळं हांडेल्सरजिस्टरच्या (तिथल्या कंपनी नोंदवहीच्या) साइटवर जुळवा. कोर्ट निवडायला विसरू नका, तोच नंबर दुसऱ्या कोर्टातही असतो. 1 ऑगस्ट 2022 पासून उतारा फुकट मिळतोय.

उताऱ्यात कोण एकटा सही करू शकतो आणि कुणाला दुसऱ्याची सही लागते, ते दिलेलं असतं. खरी गोची इथंच होते. कंपनी खरी, माणूसही खरा, पण सह्या हव्यात दोन आणि आहे एकच. असा करार कंपनीवर बंधनकारक राहत नाही.

आणि पीडीएफमधल्या सहीवर क्लिक करून बघा. डिजिटल असेल तर प्रमाणपत्र उघडतं. काहीच उघडलं नाही आणि प्रत्येक पानावर सहीचं शेपूट तंतोतंत सारखं असेल, तर ते चिकटवलेलं चित्र आहे.

निपाणी_एक्स्पोर्ट
दोघांचा एलईआय मागा. कंपनीची जागतिक ओळख सांगणारा 20 अक्षरी कोड असतो, तो सांभाळणाऱ्या ग्लीफ संस्थेच्या साइटवर फुकट शोधता येतो. 'लॅप्स्ड' दिसलं म्हणून बोगस समजू नका, वार्षिक नूतनीकरण राहिलेलं असतं. पण मग आतला पत्ता जुना असू शकतो.

इंग्लंडच्या एजंटची मला जास्त काळजी वाटते. कंपनीज हाऊसवर (तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर) नोंद सापडेल, पण तिथं वर्षानुवर्षं सांगाल ते नोंदवून घेत होते. डायरेक्टरची ओळख पटवणं सक्तीचं झालं ते 18 नोव्हेंबर 2025 पासून, तेही जुन्यांना टप्प्याटप्प्याने. म्हणून स्थापनेची तारीख आणि हिशेब बघा. 'डॉर्मंट' (व्यवहार नसलेली) म्हणून हिशेब भरणारी कंपनी एजन्सी कशी चालवते, हे विचाराच. कमिशनच्या खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) ब्रिटनच्या जीबीऐवजी भलत्याच देशाच्या अक्षरांनी सुरू होत असेल, तर लेखी खुलासा येईपर्यंत पैसे पाठवू नका.

उद्यमबाग_फाउंड्री
आभारी आहे. जर्मन कागदावर अपोस्टिल (परदेशात वापरायच्या कागदावरचा सरकारी दाखला) मागवू का?

सीएस_खानापूर
नको. 2005 साली भारत हेगच्या अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली होती, म्हणून तो करार या दोन देशांमध्ये लागू झाला नाही. तसंही अपोस्टिल सही-शिक्का खरा एवढंच सांगतो, मजकुराची हमी देत नाही. त्यापेक्षा कंपनीचा फोन स्वतः शोधून काढा, ईमेलखालचा नंबर नको, आणि सही करणाऱ्यालाच विचारा की कराराची तारीख काय, पानं किती.