नादकाटा, पेटी आणि कळसूबाई : विज्ञानाच्या सरांच्या आठवणी

सर गेल्याचं मागच्या आठवड्यात कळलं. अकोले तालुक्यात, प्रवरेच्या वरच्या अंगाला आमची शाळा. तिथं तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून ते २००६ साली निवृत्त झाले. मूळचे मिरजेकडचे, त्यामुळे "हिकडं ये की लेका" ऐकून पहिल्या दिवशी अख्खा वर्ग फिदीफिदी हसला होता. नाव लिहीत नाही, घरच्यांना गाजावाजा नकोय. ओळखणारे ओळखतीलच. विनंती एकच : 'आदर्श शिक्षक', 'ज्ञानाचा सागर' नको. ते सगळं निरोप समारंभात बोलून झालंय. त्यांच्यासोबत काय पाहिलंत, काय ऐकलंत, तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. आमच्या वाडीत एकादशीला भजन असायचं, पखवाजावर माझे चुलते. एकदा सर येऊन बसले. चुलते पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होते. सरांनी विचारलं, "ही का लावता?" चुलते म्हणाले, "त्याबिगर बोलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात तबला आणि एक डफ घेऊन हजर. डफावर थाप मारली. "ह्याच्याबरोबर सा लावा." कुणालाच लागेना. तबल्यावर मारली, लगेच लागला. मग तबल्यावर चिमूटभर रवा भुरभुरला, एक बोट हलकेच टेकवलं आणि दुसऱ्या हातानं कडेला टिचकी मारली. रवा उड्या मारत सरकला आणि रेषेत जाऊन बसला. बोटाची जागा बदलली की रेषाही बदलायची. नुसत्या चामड्यातून जे वरचे सूर निघतात त्यांचं एकमेकांशी जमत नाही. मधल्या शाईच्या, म्हणजे त्या काळ्या लेपाच्या, वजनामुळे ते मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येतात, म्हणून तबला 'बोलतो'. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० च्या सुमारास मांडलं होतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळीकडे रामन यांच्या प्रकाशाबद्दलच्या शोधावर भाषणं होत, आमच्याकडे मात्र त्या दिवशी तबला निघायचा. आणि चुलत्यांचं वाक्य सरांनी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं होतं, 'न्हाई'सकट.

दहावी, १९८७

कळसूबाईचं मी लिहितो. सरांनी विचारलं, पाणी किती अंशांना उकळतं? आम्ही कोरसमध्ये, शंभर! शाळेत उकळून पाहिलं तर थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या आसपास अडला. आम्ही म्हटलं थर्मामीटर बिघडलाय. "चला मग, आणखी बिघडवू," म्हणाले.

बारी गावातून पहाटे निघालो. वातीचा स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पातेलं, आणि तो थर्मामीटर सरांच्या सदऱ्याच्या खिशात, फडक्यात गुंडाळलेला. लोखंडी शिड्यांवर त्यांचा एक हात सतत खिशावर. वर वारा इतका की वात टिकेना. शेवटी देवळाच्या आडोशाला चौघं चादर धरून उभे राहिलो. पाणी खळाखळा उकळलं आणि पारा पंच्याण्णवच्याही जरा खालीच थांबला. १६४६ मीटरवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, हे तिथं वेगळं समजवावं लागलं नाही, कारण त्याच पाण्यात तूरडाळीची खिचडी टाकली होती. तासाभरानंही डाळ दाताखाली कडकड वाजत होती. तीच खाल्ली. उतरताना दोघांची पोटं बिघडली, त्यातला एक मी.

दहावी, १९९३

सगळे गोड लिहिणार म्हणून मी थोडं कडू लिहितो. सरांचा पोर्शन कधीच पुरा व्हायचा नाही. आमच्या वर्षी शेवटचे तीन धडे राहिले आणि मला विज्ञानात बोर्डाला बेचाळीस पडले. पेटीची रीड, म्हणजे आतली पितळी पट्टी, टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, हे मला आजही येतं. पेपरात ते आलं नाही. राग होता बरीच वर्षं. आता आहे का? सांगता येत नाही.

वरच्यांना

त्याच वर्षीची मी. राहिलेले तीन धडे त्यांनी मार्चमध्ये रोज सकाळी सहाला घेतले होते. तू आला नव्हतास.

दहावी, १९९६

१९९५ च्या दिवाळीतल्या अमावस्येचं ग्रहण. आमच्याकडून ते खंडग्रास होतं, सकाळी आठ-साडेआठला. आजीनं दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, पाण्यात तुळशीची पानं टाकली होती. सर सायकलवरून आले, अंगणात उभे राहून म्हणाले, "आजी, मोठ्या भोकांची चाळणी द्या." वर कुणी बघायचं नाही, खाली बघा, एवढंच आम्हाला सांगितलं. नुकत्याच सारवलेल्या अंगणात चाळणीच्या प्रत्येक भोकाखाली एकेक चंद्रकोर! करंजाच्या झाडाखालीही पानांच्या फटींतून तशाच, वारा आला की थरथरणाऱ्या. आजी दार किलकिलं करून बघत होती. बाहेर आली नाही. पण नंतर चाळणी धुवायला घेताना तिनं ती उन्हात धरून पाहिली, हे मी पाहिलं.

दहावी, २००१

मे संपता संपता, पाऊस यायच्या आधी, घाटघरच्या वाटेवर काजवे. आता तिथं रात्री गाड्यांची रांग लागते, दिव्यांचे झोत झाडांवर. तेव्हा आम्ही सात मुली, सर आणि काकू, म्हणजे सरांच्या मिसेस. मुलींना रात्री सोडायचं म्हणून काकू घरोघर जाऊन बोलल्या होत्या, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

सरांनी बॅटरी विझवायला लावली. आधी काहीच दिसेना. मग एक सादडा अख्खा लखलखला आणि विझला, पुन्हा लखलखला. सर हळूच टाळी देऊन मोजायला लागले, जसं विलंबित मोजतात तसं. "नर बोलावतोय मादीला, आणि सगळे एका लयीत यायला बघतायत. आपल्या भजनापेक्षा बरं जमतंय." मग स्वतःच गायला लागले. गळा बेताचा होता हो सरांचा. काकू म्हणाल्या, "पुरे, काजवे पळतील."

दहावी, २००५

विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला नेलं होतं. तीस डिशा, प्रत्येक पंचेचाळीस मीटर रुंद. सर तिथल्या माणसाला विचारत होते, "एवढ्या लांब लांब ठेवलेल्या तीस जणांना एका सुरात लावता कसं?" तो माणूस हसला आणि मग पाऊण तास समजावत बसला. आमची एसटीची वेळ टळली.

शेजारी

मी त्यांचा विद्यार्थी नाही, शेवटची आठ वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो. ऐकू कमी यायला लागलं होतं. पेटी वाजवताना हनुवटी पेटीच्या लाकडावर टेकवून बसायचे. मला वाटलं मान दुखते. एकदा त्यांनी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) गुडघ्यावर आपटून त्याची दांडी माझ्या कानामागच्या हाडाला लावली, दोन्ही कान बोटांनी बंद करायला सांगून. डोक्याच्या आत घुमला आवाज. "हवेचा रस्ता बंद झालाय," म्हणाले, "हाडाचा अजून चालू आहे."

तो नादकाटा जाण्याआधी त्यांनी माझ्या मुलीला दिला. त्यावर ५१२ कोरलंय आणि दांडीवर पांढऱ्या रंगात तुमच्या शाळेचा डेडस्टॉक नंबर. शाळेचा दिसतो. परत करायचा का?

शाळेतला तेव्हाचा क्लार्क

करू नका. २००६ ला चार्ज देताना 'नादकाटा, एक, गहाळ' असं सरांनी स्वतः लिहून दिलं आणि पैसे भरले. पावती मीच फाडली होती. काटा तेव्हा त्यांच्या खिशात होता, टेबलावर वाकले तेव्हा दिसला मला.