मुक्तस्रोत प्रकल्पातील रचनेचे प्रस्ताव: चर्चा होते, निर्णय होत नाही

शब्दशोधक यांचा प्रश्न

नमस्कार. देवनागरी मजकुरात शोध घेणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीची (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाची) देखभाल आम्ही चार जण मिळून करतो. किरकोळ दुरुस्त्यांची अडचण नाही. पण रचनेत मोठा बदल सुचवणारा प्रस्ताव आला की त्यावर महिनोन्महिने चर्चा चालते आणि शेवटी तो स्वीकारलाही जात नाही, नाकारलाही जात नाही.

सध्याचे उदाहरण देतो. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सामाईक संकेतप्रणालीत) दोन प्रकारे साठवला जातो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरे कशी जोडून दाखवायची हे सांगणारे न दिसणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक टाइप करून शोधले तर दुसरे सापडत नाही. शोधापूर्वी सगळे जॉइनर काढून टाकावेत, असा प्रस्ताव एका सहकाऱ्याने मांडला. तसे केल्यास दुसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याच्या हाती समुद्र लागतो, हे दुसऱ्याने दाखवून दिले. ही चर्चा चालू असतानाच तिसऱ्याने मूळ प्रस्तावाप्रमाणे कोड लिहून पुल रिक्वेस्ट (तो बदल मुख्य कोडमध्ये सामील करण्याची विनंती) पाठवली, आणि ती आता तशीच पडून आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बदल सुचवण्यासाठी ‘पेप’ नावाचे लेखी प्रस्ताव असतात; तशी पद्धत चार जणांच्या प्रकल्पाला पेलेल का? आणि निर्णय नेमका कोणी व केव्हा घ्यायचा?

अनघा_पुणे यांचे उत्तर

पेपचा नमुना पाहून बहुतेकांच्या डोळ्यांत भरतात ती त्यातली शीर्षके आणि क्रमांक. माझ्या मते त्या पद्धतीचे खरे बळ अन्यत्र आहे. प्रत्येक पेपला एक स्थिती असते: मसुदा, स्वीकृत, नाकारलेला, मागे घेतलेला, पुढे ढकललेला, पूर्ण झालेला. प्रस्ताव कधीतरी यांपैकी कोठेतरी पोहोचलाच पाहिजे, आणि निर्णय कोठे जाहीर झाला त्याचा दुवा पेपच्या माथ्यावर नोंदवायचा असतो. शिवाय कोणते पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवले आणि का, यासाठी वेगळा भाग असतो. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दोन वर्षांनी नवा माणूस तीच कल्पना घेऊन येतो तेव्हा त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून वाद घालावा लागत नाही.

निर्णय कोणाचा, हे आधीच ठरलेले नसेल तर काय होते आणि ते एकाच माणसावर सोपवले तर काय होते, या दोन्ही गोष्टी पायथनने अनुभवल्या आहेत. पेप ५७२ मध्ये अभिव्यक्तीच्या आतच चलाला मूल्य देण्याची सोय सुचवली होती. तिच्यावरचा वाद इतका तीव्र झाला की प्रस्ताव स्वीकारल्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयकर्त्याची भूमिकाच सोडली. त्यानंतर कारभाराच्या वेगवेगळ्या पद्धतींचे प्रस्तावही पेप म्हणूनच मांडले गेले, मतदान झाले आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची निवडून आलेली समिती काम पाहू लागली. ही समितीही एखाद्या पेपचा निर्णय त्या विषयातल्या जाणत्या व्यक्तीकडे सोपवू शकते. तुम्ही चौघांनी एवढेच उचलावे: प्रस्ताव दाखल होताच त्याचा निर्णय चौघांपैकी कोण देणार, हे नाव त्यावर लिहा. ती व्यक्ती प्रस्तावाची लेखक नसावी.

दख्खनकर यांचे उत्तर

अनघाताईंचे निर्णयकर्त्याबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य आहे, परंतु प्रत्येक कल्पनेसाठी दस्तऐवज मागण्याला माझा विरोध आहे. फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसाला दहा शीर्षकांचा नमुना भरायला लावला तर चांगली कल्पना त्याच्या मनातच राहील. गो भाषेची पद्धत इथे अधिक जवळची वाटते: आधी फक्त एक छोटा इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची नोंद), आणि तपशिलाची खरोखर गरज दिसली तरच स्वतंत्र आराखडा. आढावा घेणारा गट प्रथम ‘बहुधा स्वीकार’ किंवा ‘बहुधा नकार’ असे जाहीर करतो, आणि त्यानंतर नवे काही पुढे आले नाही तर तो निर्णय कायम होतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात याच टप्प्याला दहा दिवसांची मुदत असते आणि ती सुरू करतानाच प्रस्ताव स्वीकारायचा, बंद करायचा की पुढे ढकलायचा, यांतला कल सांगावा लागतो. यामुळे गप्प बसलेल्या माणसाला ‘आता बोललो नाही तर उशीर होईल’ हे स्पष्ट कळते. तुमच्याकडे उणीव आहे ती याच टप्प्याची.

नकार देण्याचा संकोच करू नका, हेही सांगावेसे वाटते. त्रुटी हाताळणी (प्रोग्रॅम चालताना आलेल्या चुकांची दखल घेणारा कोड) सोपी करण्यासाठी २०१९ मध्ये गोच्या स्वतःच्या चमूनेच ‘ट्राय’ नावाच्या नव्या सोयीचा प्रस्ताव मांडला होता, समुदायाचा विरोध पाहून त्याच वर्षी जुलैत तो बंद केला गेला. पुढेही त्या विषयावर प्रस्ताव येतच राहिले. अखेर जून २०२५ मध्ये, त्रुटी हाताळणीसाठी नव्या वाक्यरचनेचा शोध नजीकच्या काळापुरता थांबवत आहोत आणि तसे प्रस्ताव यापुढे बंद केले जातील, असे चमूने कारणांसह जाहीर केले. अशा स्पष्ट नकारामुळे पुढच्या अनेकांची मेहनत वाचते.

शब्दशोधक

दोघांचेही आभार. मुदतीची कल्पना लगेच अमलात आणतो. तरीही एक पेच उरतोच: मुदत संपली आणि एका सहकाऱ्याची हरकत कायम राहिली तर काय करायचे? आमच्याकडे आजवर सर्वसंमतीशिवाय पुढे जायचे नाही, असा प्रघात आहे, आणि कोणी दुखावून निघून जावे असे आम्हाला वाटत नाही.

निशिगंध यांचे उत्तर

या प्रश्नावर इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये फार बारकाईने विचार झालेला आहे. तिथे मते मोजत नाहीत. २०१४ च्या आरएफसी ७२८२ या त्यांच्या क्रमांकित दस्तऐवजातील विवेचनानुसार सहमतीसाठी प्रत्येक हरकतीचा गांभीर्याने विचार होऊन तिला उत्तर मिळणे आवश्यक आहे. प्रत्येक हरकत मान्य होणे आवश्यक नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: एकट्याच माणसाची हरकत असली, पण तिला तांत्रिक उत्तर मिळालेले नसेल, तर बाकी सगळे अनुकूल असूनही सहमती झाली असे म्हणता येत नाही. म्हणून मुदत संपताना किती जण विरोधात आहेत हे पाहण्याऐवजी, अनुत्तरित हरकत कोणती आहे हे निर्णयकर्त्याने लेखी मांडावे.

तुमच्या उदाहरणाला हे लावून पाहा. सगळे जॉइनर काढल्यास अर्थ बदलतो, ही हरकत कोणालाही खोडता आलेली नाही. नेपाळीत तर ‘गर्‍यो’ यासारखी नेहमीची रूपे जॉइनर घालूनच लिहिली जातात, त्यामुळे प्रश्न मराठीपुरताही मर्यादित नाही. तेव्हा मूळ रूपातला प्रस्ताव नाकारावा लागेल. परंतु ‘र’, हलन्त आणि जॉइनर हा क्रम आढळल्यास त्याचे ‘ऱ’ आणि हलन्त यांत रूपांतर करायचे आणि इतर जॉइनरना या प्रस्तावात हात लावायचा नाही, असा मर्यादित प्रस्ताव मूळ हेतूही साधतो आणि हरकतीलाही उत्तर देतो. ज्यांनी कोड लिहिला आहे त्यांनाच हा नवा मसुदा लिहिण्याची विनंती करा. त्यांच्या चाचण्यांपैकी बऱ्याचशा बहुधा तशाच उपयोगी पडतील.

स्वीकारानंतरचाही विचार आताच करून ठेवा. कुबरनेटीज या अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीत सुधारणेचा प्रस्ताव अल्फा, बीटा आणि स्थिर अशा पायऱ्यांनी पुढे जातो, आणि चालू यंत्रणेत ही सोय बंद कशी करायची, मागे कसे फिरायचे, याची उत्तरे प्रस्तावातच द्यावी लागतात. तुमच्या बदलाने जुनी शोधसूची (शोधासाठी आधीच बांधून ठेवलेली शब्दांची यादी) नव्या शोधाशी जुळेनाशी होईल. म्हणून पहिल्या आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवून हवी त्याला चालू करता यावी, आणि सूची पुन्हा कशी बांधायची हे प्रस्तावात लिहिलेले असावे.

अनघा_पुणे

निशिगंध यांच्या मुद्द्याला एक जोड देते. हा सगळा मजकूर चॅटमध्ये न ठेवता कोडच्याच रिपॉझिटरीत (जिथे कोड साठवला आहे तिथे), ‘प्रस्ताव’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा. नाकारलेला मूळ प्रस्तावही त्याच्या कारणांसह तिथेच राहू द्या, आणि नव्या मसुद्यात त्याचा दुवा द्या.